बेळगावातील कागदपत्र सल्लागार: अपोस्टिलपर्यंत भरवसा, पुढे नाही

परदेशी कंपनीचे काम स्पेनमध्ये राहून ऑनलाइन करू इच्छिणाऱ्यांसाठी त्या देशाने 2023 पासून वेगळा व्हिसा सुरू केला आहे. त्याचे कागद जुळवण्यासाठी मी टिळकवाडीतील एका सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली.

सीमाभागातील माणसाचे कागद बहुधा दोन राज्यांत विखुरलेले असतात. माझा जन्मदाखला कर्नाटकाचा आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलपूर्वीचे (अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर लावले जाणारे प्रमाणपत्र) राज्यस्तरीय साक्षांकन एका कागदासाठी बेंगळुरूत, तर दुसऱ्यासाठी मुंबईत करून घ्यावे लागते. कार्यालयाने हे पहिल्याच भेटीत ओळखून दोन्ही कागद एकाच वेळी मार्गी लावले. पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेळगाम’ आणि नव्याने काढलेल्या दाखल्यावर ‘बेळगावी’, या तफावतीसाठी प्रतिज्ञापत्राचा घोळ न घालता त्यांनी 1 नोव्हेंबर 2014 पासून लागू झालेल्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडली. मराठी गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, यासाठी मात्र प्रतिज्ञापत्र आवश्यकच होते आणि त्याचा मसुदा नेमका होता.

स्पेनच्या बाजूच्या अटींविषयी मात्र त्यांचे ज्ञान तोकडे आहे. स्पॅनिश अनुवाद त्यांनी अपोस्टिल लागण्यापूर्वीच, तोही नोटरीचा शिक्का मारून करून घेतला. वास्तविक तो स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्यता दिलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून आणि अपोस्टिलच्या मजकुरासह व्हायला हवा होता. तो खर्च दुप्पट झाला. कंपनीच्या पत्राचा त्यांचा नमुना ‘घरून काम करण्यास परवानगी आहे’ एवढेच म्हणत होता. स्पेनमधून काम करण्याची स्पष्ट परवानगी, कंपनी किमान वर्षभर कार्यरत असल्याचा पुरावा आणि तिच्याशी किमान तीन महिन्यांचा संबंध, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या दुप्पट दाखवावे लागते, हेही मलाच त्यांना सांगावे लागले.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा, म्हणजे गुन्हेगारी नोंद नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये असूनही पावतीवर सगळी रक्कम एकत्रित लिहिली होती, म्हणून साक्षांकन, कुरिअर आणि सेवाशुल्क यांचा वेगळा तपशील काम देण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावा.