क्रायस्लर दोनदा वाचली. प्रोजेक्टला १९७९ घ्यावं की २००९?

एमबीएला ‘टर्नअराउंड’वर, म्हणजे बुडती कंपनी सावरण्यावर प्रोजेक्ट करायचा म्हटला की गाडी हमखास क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीवर येते आणि क्रायस्लर म्हणजे १९७९ च्या संकटातून तिला बाहेर काढणारे ली आयाकोका, हेही ठरलेलंच. त्यांचं आत्मचरित्र १९८४ साली आलं, अफाट खपलं आणि आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या ढिगात आजही हाताला लागतं. पण हीच कंपनी २००९ मध्ये पुन्हा बुडाली आणि पुन्हा वाचली. त्या वेळी सूत्रं फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांच्या हातात होती. दोन्ही वेळा संकटाची कारणं बरीचशी सारखी होती, वाचवण्याची रीत मात्र पार निराळी.

यातली एकच निवडायची असेल तर कोणती? माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्गात सादर करायला १९७९ झकास आहे, शिकायला २००९. आणि कोणतीही घेतली तरी एक गोष्ट तपासायला विसरू नका: नवे साहेब यायच्या आधी कंपनीच्या हातात कोणती गाडी तयार होत होती?

पूर्वपीठिका, दोन्हींना लागणारी

वॉल्टर क्रायस्लर हे कॅन्ससमधल्या रेल्वे वर्कशॉपमधून वर आलेले मेकॅनिक. १९२४ मध्ये त्यांनी मध्यम किमतीची एक गाडी आणली, जिला जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. १९२५ मध्ये कंपनी उभी राहिली, १९२८ मध्ये तिने डॉज विकत घेतली आणि त्याच वर्षी प्लायमाउथ आणि डिसोटो हे ब्रँड काढले. जीएम (जनरल मोटर्स) आणि फोर्डच्या पाठोपाठ अमेरिकेतली तिसरी मोठी कंपनी अशी तिची ओळख झाली. आपला संबंधही तेव्हाचाच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाउथ आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले.

तिसऱ्या नंबरचं दुखणं मात्र कायमचं राहिलं. सुरक्षिततेचे आणि धुराचे सरकारी नियम आले, की ते पाळायला क्रायस्लरलाही जीएमसारखाच संशोधनाचा खर्च यायचा. तो वाटून टाकायला गाड्या मात्र कितीतरी कमी. चांगल्या वर्षांत हे झाकलं जायचं, मंदी आली की उघडं पडायचं. दोन्ही संकटांच्या मुळाशी हे आहे, म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ते यायलाच हवं.

१९७९: सगळ्यांना एका टेबलावर बसवलं

या प्रकरणात माझा सगळ्यात आवडता भाग नायकाचा नाही, गाड्यांच्या ढिगाचा आहे. सत्तरच्या दशकात क्रायस्लरमध्ये ‘सेल्स बँक’ नावाची पद्धत होती. डीलरची ऑर्डर नसतानाच कारखान्याने गाड्या बनवायच्या, त्या डेट्रॉइटच्या आसपासच्या मोकळ्या मैदानांत लावून ठेवायच्या आणि तिमाही संपत आली की डीलरना फोन करून सवलतीत गळ्यात मारायच्या. कागदावर उत्पादन सुरळीत चाललेलं दिसायचं आणि गाड्या मात्र बर्फापावसात उभ्या. डीलरही काही दूधखुळे नव्हते. तिमाहीच्या शेवटी भाव पडतोच हे कळल्यावर ते आधी ऑर्डर द्यायचेच बंद झाले. म्हणजे साठा कमी करायला दिलेली सवलतच पुढच्या साठ्याचं कारण व्हायची. ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेन हा तुमचा विषय असेल, तर एवढ्यावरच अर्धा प्रोजेक्ट होतो.

त्यात १९७६ ला आलेल्या ॲस्पेन आणि व्होलारे या गाड्या गंज आणि रिकॉल, म्हणजे दोष निघाल्याने गाड्या परत बोलावणं, यांमुळे बदनाम झालेल्या. आयाकोकांना जुलै १९७८ मध्ये फोर्डमधून काढलं होतं, ते नोव्हेंबरमध्ये क्रायस्लरमध्ये आले. पुढच्याच वर्षी इराणमधल्या उलथापालथीने पेट्रोल भडकलं आणि १९७९ चा तोटा १.१ अब्ज डॉलरवर गेला. १९८० चा तर १.७ अब्ज.

सरकारने काय केलं, हे इथे नीट मांडलं पाहिजे, कारण बहुतेक प्रोजेक्टमध्ये ते चुकीचं लिहिलेलं असतं. सरकारने पैसे दिले नाहीत, कर्जाला हमी दिली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जानेवारी १९८० मध्ये सही केलेल्या कायद्यात दीड अब्ज डॉलरपर्यंतची हमी होती आणि अट अशी, की बाकीच्या संबंधितांनी मिळून दोन अब्जांची झळ सोसायची. कामगारांनी पगारात कपात घेतली, बँकांनी येणं लांबवलं किंवा सोडलं, पुरवठादार आणि राज्य सरकारं पुढे आली. मोटार कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर बसले, जी गोष्ट त्या काळी अमेरिकेत ऐकिवात नव्हती. आयाकोकांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतला. त्याने तिजोरीत काही पडलं नाही, पण कपात मागायला तोंड राहिलं.

चारशेच्या वर बँका, आणि प्रत्येकीचा होकार हवा. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड या गावातल्या एका छोट्या बँकेने शेवटपर्यंत अडवून धरलं. तिचं घोडं पुढे सरकलं आणि सह्यांच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ज्या इमारतीत कागद होते तिथेच आग लागली. वकिलांनी टपालाच्या ढकलगाड्यांतून कागदपत्रं दुसऱ्या इमारतीत नेली. सादरीकरणात हा प्रसंग सांगितलात तर मागच्या बाकावरचेही मोबाईल खाली ठेवतील.

आता गाड्यांकडे. १९८० च्या शरद ऋतूत आलेली के-कार, म्हणजे डॉज एरीज आणि प्लायमाउथ रिलायंट, हिने कंपनीला तगवलं. पुढच्या चाकांना ताकद देणारी, छोटी असूनही सहा माणसं बसवणारी. पण पहिल्या खेपेला शोरूममध्ये एसी-बिसी सगळं लावलेल्या महागड्या गाड्याच पाठवल्या. स्वस्त गाडी म्हणून पाहायला आलेलं गिऱ्हाईक किमतीची चिठ्ठी वाचून परत. त्यात व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात. साध्या गाड्या पाठवल्यावर विक्री रुळावर आली. आणि ही गाडी आयाकोकांनी जन्माला घातलेली नव्हती. त्यांच्या आधीच फोर्डमधून क्रायस्लरमध्ये आलेल्या हॅल स्पर्लिच यांच्या हाताखाली तिचं काम सुरू झालं होतं.

मिनिव्हॅनची कल्पनाही स्पर्लिच यांनी फोर्डमध्येच मांडली होती, पण धाकट्या हेन्री फोर्डनी ती उडवून लावली. के-कारच्याच सांगाड्यावरून ती क्रायस्लरमध्ये उभी राहिली. पुढची चाकं गाडी ओढणार म्हणून मधून जाणारा शाफ्ट नाही, म्हणून तळ सपाट आणि खाली, म्हणून आजीलाही चढायला सोपी. शिवाय घरच्या साध्या गॅरेजमध्ये मावणारी. पण तारखा नीट पाहा. कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फिटलं ते १९८३ च्या उन्हाळ्यात आणि मिनिव्हॅन बाजारात आली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. कर्ज के-कारने फेडलं. मिनिव्हॅनने १९८४ मध्ये विक्रमी २.४ अब्जांचा नफा करायला हात दिला. ‘मिनिव्हॅनने क्रायस्लर वाचवली’ हे वाक्य जिथे तिथे सापडतं, तुम्ही तेवढं लिहू नका.

हमीपोटी सरकारला मिळालेले वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचे हक्क, विकून वर सुमारे ३१ कोटी डॉलर मिळाले. म्हणजे करदात्याचं नुकसान शून्य.

२००९: कोर्टाने कापून दोन तुकडे केले

मधली वर्षं झटपट. १९८७ मध्ये आयाकोकांनी अमेरिकन मोटर्स विकत घेतली आणि तिच्याबरोबर जीप घरात आली. १९९८ मध्ये डायम्लर-बेंझशी विलीनीकरण झालं, जे नावालाच बरोबरीचं होतं. २००७ मध्ये डायम्लरने ८०.१ टक्के वाटा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला देऊन अंग काढून घेतलं. गाड्यांच्या आतलं प्लॅस्टिक बघून लोक नाक मुरडत होते आणि सगळी भिस्त पिकअप आणि एसयूव्हीवर. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, शरद ऋतूत बँका कोलमडल्या आणि गाडीला कर्ज मिळेनासं झालं.

बुश यांनी जाता जाता तात्पुरतं कर्ज दिलं, निर्णय ओबामांवर आला. त्यांच्या सल्लागारांत उभी फूट होती. एका बाजूचा युक्तिवाद थंड डोक्याचा होता: क्रायस्लर बुडू द्या, तिचं गिऱ्हाईक जीएम आणि फोर्डकडे जाईल आणि त्या दोघी तगतील. या युक्तिवादाला प्रोजेक्टमध्ये उत्तर द्यायचा प्रयत्न करा. सोपं नाही, म्हणूनच मजा आहे.

शेवटी फियाटबरोबर जायचं ठरलं. ३० एप्रिल २००९ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि १० जूनला, ४२ दिवसांत, नवी क्रायस्लर बाहेर पडली. युक्ती अशी, की चांगली मालमत्ता नव्या कंपनीला विकायची आणि नको ते जुन्या कंपनीत मागे ठेवायचं. तारण असलेल्या ६.९ अब्जांच्या कर्जापोटी सावकारांना दोन अब्ज मिळाले, म्हणजे डॉलरला २९ सेंट. निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीला मात्र नव्या कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा. तारण असलेला सावकार मागे आणि कामगारांचा निधी पुढे, यावरून इंडियाना राज्यातले पेन्शन फंड थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि हरले. ७८९ डीलरना मे महिन्याच्या मध्यावर कळलं, की ९ जूनपासून दुकान बंद. काहींची तिसरी पिढी धंद्यात होती. नव्या कामगाराला जुन्याच्या जवळपास निम्म्या दराने घ्यायची पद्धत २००७ च्या करारातच शिरली होती, ती आता अंगवळणी पडली.

फियाटने सुरुवातीच्या २० टक्क्यांसाठी रोख एक पैसाही घातला नाही. छोट्या गाड्यांचं आणि इंजिनांचं तंत्रज्ञान दिलं. पुढचे १५ टक्के टप्प्याटप्प्याने: अमेरिकेत किफायतशीर इंजिन बनवा, पाच टक्के घ्या, परदेशातली विक्री वाढवा, पाच टक्के, गॅलनला चाळीस मैल देणारी गाडी आणा, आणखी पाच. आयाकोकांच्या कायद्यात झळ आधी सोसायची होती, इथे काम केल्यावर मालकी मिळायची. वित्त शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

मार्किओने इटलीत जन्मलेले, कॅनडात वाढलेले, वकील आणि अकाउंटंट, अंगात कायम काळा स्वेटर. ऑबर्न हिल्सच्या मुख्यालयातला साहेबांचा सर्वात वरचा मजला सोडून ते चौथ्या मजल्यावर इंजिनिअरांमध्ये बसले. गाड्यांच्या आतलं सामान बदलून घेतलं, रॅम ट्रकना डॉजपासून वेगळा ब्रँड केलं. पण पहिला खरा हात दिला तो २०१० मध्ये आलेल्या नव्या जीप ग्रँड चेरोकीने, आणि तिचा सांगाडा डायम्लरच्या काळात मर्सिडीजच्या एसयूव्हीबरोबर आखलेला! आडातच नसतं तर पोहऱ्यात कुठून येणार होतं? शिवाय जीप मुळात घरात आली ती पहिल्या बचावानंतरच्या सुगीत. आयाकोकांच्या खरेदीने मार्किओनेंना तारलं, हा धागा मला फारशा प्रोजेक्टमध्ये दिसत नाही.

मे २०११ मध्ये सरकारी कर्जं परत केली गेली. तरी अमेरिकी तिजोरीने घातलेल्या साडेबारा अब्जांपैकी सुमारे १.३ अब्ज बुडाले. २०१४ मध्ये फियाटने उरलेला सगळा वाटा घेतला आणि २०२१ पासून हे सगळं स्टेलांटिस या मोटार समूहात आहे. २००९ मध्ये वाचलं कोण, हा प्रश्न मी विचारीनच. जीप वाचली, रॅम वाचली. रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनते ती त्याचंच शेपूट. क्रायस्लर हा ब्रँड मात्र आज जवळपास एका मिनिव्हॅनवर उरला आहे.

मग कोणती?

नेतृत्व, जनसंपर्क, कामगार संबंध किंवा मार्केटिंग हा विषय असेल तर १९७९ घ्या. आयाकोका स्वतः जाहिरातीत उभे राहून याहून चांगली गाडी मिळाली तर खुशाल घ्या म्हणत, तेवढं एक चित्रच पाच मिनिटं खेचतं. धोका एवढाच, की बरंचसं साहित्य नायकाच्या बाजूने लिहिलेलं आहे. दशकाच्या शेवटी कंपनी पुन्हा गोत्यात आली, १९९१ ला तोट्यात होती, हे त्या साहित्यात शोधावं लागतं.

वित्त, कायदा, सार्वजनिक धोरण असेल तर डोळे झाकून २००९. आपल्याकडे २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आल्यापासून येणं असलेल्यांच्या रांगेत कोण कुठे उभं राहणार, हा वाद रोजचाच झालाय, त्यामुळे मुलाखतीतही कामी येईल. वाचायला रुक्ष आहे, नाही म्हणत नाही.

दोन्ही नको असतील तर फोर्ड २००६ आहेच. बोइंगमधून आलेले ॲलन मुलॅली आणि बाजार गोठण्याआधी निळ्या लोगोसकट सगळं गहाण टाकून उचललेलं सुमारे २३ अब्जांचं कर्ज. सरकारी बचाव नाही, दिवाळखोरी नाही. जॅग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सकडे आली ती याच आवराआवरीत, २००८ मध्ये, २.३ अब्ज डॉलरला. पण तिथे कंपनी पडलीच नाही, त्यामुळे पडझडीचा अभ्यास करायचा असेल तर ती उपयोगाची नाही.

२००९ पक्कं केलंत तर सुरुवात मार्किओनेंच्या चरित्रापासून करू नका. विक्रीला मंजुरी देणारा न्यायाधीश आर्थर गोन्झालेझ यांचा निकाल आधी वाचा, मग फियाटच्या तीन टप्प्यांच्या अटी. काळा स्वेटर शेवटच्या स्लाइडला ठेवलात तरी चालेल.