सी ट्रॅक्टर: बॅकहो ठेवावा की काढावा?

1980च्या दशकात अमेरिकी लष्कराने खंदक खणायला घेतलेला ‘सी’ (SEE, Small Emplacement Excavator) म्हणजे मर्सिडीजचा युनिमॉग हा चारही चाकांना जोर देणारा ट्रकच: पुढे माती उचलणारा लोडर, मागे खणणारा हात, म्हणजे बॅकहो. लष्कराने मोडीत काढलेली ही यंत्रं तिकडचे शेतकरी आणि हौशी मंडळी विकत घेतात, आणि लगेच प्रश्न येतो: बॅकहो ठेवायचा, की काढून मागे ट्रकसारखा हौदा बसवायचा?

ठेवलात तर खरं काम पिन-बुशचं, म्हणजे बॅकहोच्या सांध्यांतल्या पिना आणि त्यांभोवतीच्या कड्यांचं. बकेट जमिनीपासून थोडी वर धरून हाताने डावी-उजवीकडे हलवा. ‘खट्’ आवाज आला की बुश गेलेत. वर्षानुवर्षं उभ्या यंत्राचे होज (हायड्रॉलिक तेलाच्या रबरी नळ्या) बाहेरून ठीक दिसतात, पण वाकवले की रबराला बारीक चिरा पडलेल्या दिसतात. सगळे एकदम बदला. एक फुटला की अंगण तेलाने न्हालंच!

काढलात तर गाडी हलकी होते, सामान न्यायला सोयीची. पण मागचं वजन गेलं की भरलेला लोडर उचलताना मागची चाकं हलकी पडतात, म्हणून हौद्यात वजन ठेवावं लागतं. उघड्या हायड्रॉलिक लाइन नुसत्या बुचाने बंद करून भागत नाही. तेलाला टाकीत परतायची वाट हवी, नाहीतर पंप तापतो.

पोर्टल ॲक्सलमुळे (चाकाच्या मध्यापेक्षा उंच बसवलेला ॲक्सल) चारही चाकांच्या हबमध्ये वेगळं गिअर तेल असतं, ते बॅकहो ठेवा वा काढा, तपासायचंच. वीज 24 व्होल्टची, हेही सारखंच.

मी बॅकहो ठेवीन. ट्रक कुठेही मिळतो.