रंगीत नारुटो की काळा मांगा?

हातावर नारुटोचाच, म्हणजे त्या जपानी कॉमिकच्या (मांगाच्या) हिरोचाच टॅटू हवा हे पक्कं झालंय, पण आर्टिस्टने 'कलर की ब्लॅक?' विचारलं आणि गाडी तिथेच अडली, अशांसाठी हे.

केशरी जॅकेट, पिवळे केस, निळे डोळे. नारुटोची ओळखच रंगांत आहे, त्यामुळे मन आधी तिकडेच धावतं. इन्स्टावर तो झकास दिसतो, कारण फोटोतला टॅटू ताजा असतो आणि हात बहुतेक वेळा गोरा. शाई कातडीच्या वरच्या थराखाली बसते, म्हणजे रंग आपल्या सावळेपणाच्या आडूनच दिसणार. पिवळा मातकट होतो, पांढरा तर दिसेनासाच होतो. लाल आणि गडद निळा मात्र टिकून उठतात. म्हणून रंगच हवा असेल तर सावळ्या हातावर नारुटोपेक्षा स्पायडरमॅन सरस, असं माझं सरळ मत. फक्त ॲलर्जीच्या तक्रारी लाल शाईच्याच जास्त असतात, तेव्हा कातडी नाजूक असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काळा म्हणजे तडजोड, हा समज चुकीचा. 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात १९९९ ते २०१४ नारुटो छापून आला तो, अधूनमधूनची रंगीत पानं सोडली तर, काळ्या-पांढऱ्यातच. आणि काळा किती टिकतो हे आजीच्या हातावरच्या गोंदणात बघा: हिरवट पडलंय, रेषा फुगल्यात, पण तुळशीवृंदावन अजून ओळखू येतं. रेषा फुगणारच, हे धरूनच चित्र निवडायचं. मांगातली राखाडी छटा बारीक ठिपक्यांची असते; ते ठिपके तसेच टोचले तर काही वर्षांनी एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो. त्यापेक्षा साधं शेडिंग घ्या. शारिंगान, म्हणजे नारुटोच्या गोष्टीतला तीन चिन्हांचा लाल डोळाही अंगठ्याएवढा मागू नका, आतली तिन्ही चिन्हं एक होऊन जातात. तळहाताएवढा शोभतो.

आता आपलं ऊन. पारा ४५च्या आसपास असताना नागपुरात अर्ध्या बाह्यांनी बर्डीहून हिंगण्याला रोज गाडीवर जाणाऱ्याने मनगटावर रंग भरून घेऊ नये. ऊन सगळ्याच शाईला खातं, पण फिके रंग आधी जातात. रंगच हवा असेल तर दंड किंवा पाठ निवडा, आणि काम नोव्हेंबर-डिसेंबरात करा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, ताज्या टॅटूवर घाम आणि धूळ म्हणजे विकतचं दुखणं.

खर्चात रंगीत साहजिकच जड: सिटिंग जास्त, पुढे टच-अपही जास्त. उद्या लेझरने काढायची वेळ आली तर काळा त्यातल्या त्यात सोपा. पिवळा, हिरवा हट्टी. सैन्यभरतीची तयारी करत असाल तर सध्या दोन्ही राहू द्या, तिथे टॅटूच्या जागेवर बंधनं आहेत.

माझं मत काळ्यालाच, फार तर शारिंगानच्या डोळ्यात लाल. स्टुडिओत गेल्यावर मात्र ताज्या कामाचे फोटो बाजूला ठेवून आपल्यासारख्या रंगाच्या हातावरचा दोन-तीन वर्षं जुना टॅटू दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर ॲडव्हान्स देऊ नका.