जुन्या जीप-अँबेसेडरचं हेड: चिकलठाण्यातलं वर्कशॉप फेस सुरेख मारतं, माप मात्र तुम्ही घेऊन जा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या या छोट्या वर्कशॉपात ट्रॅक्टरची हेडं, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरची झाकणं, रोज येतात, त्यामुळे बिडाच्या जुन्या हेडला हात कसा लावायचा हे तिथल्या कारागिरांना सांगावं लागत नाही. पूर्ण फेस, म्हणजे हेडची ब्लॉकवर बसणारी बाजू, मिलिंग करून एकाच सेटिंगमध्ये सपाट मारतात आणि शेवटचा कट जेमतेम ०.०५ मिमीचा घेतात. फेसवर नख आडवं ओढलं तर कुठे अडकत नाही. पट्टी तिरपी, उभी, आडवी कशीही ठेवा, ०.०५ मिमीचं फिलर (फट मोजायचं पातळ पातं) खाली शिरत नाही. या कामाला पूर्ण गुण.

अडचण त्याआधीची आहे. हेड टेबलावर ठेवलं की पहिला प्रश्न येतो, “किती उडवायचं?” तुम्ही सांगाल तेवढं उडवतात. वाकलेलं हेड सरळ करायचं असेल तर एवढं पुरतं. कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) वाढवायचं असेल तर अजिबात पुरत नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर मिलिंगवर नाही, चेंबरच्या, म्हणजे हेडमधल्या मिश्रण जळण्याच्या पोकळीच्या, मापात आहे.

विलीज जीपचं साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्येच) इंजिन घ्या. २१९९ सीसी, म्हणजे एका सिलिंडरचे ५५० सीसी. मूळ कॉम्प्रेशन ६.४८, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे १०० सीसी. ते ७ वर न्यायचं तर ५५० भागिले ६, साधारण ९१.५ सीसी. दर चेंबरमधून साडेआठ सीसी कमी करायचे. आता हेड उलटं, लेव्हलमध्ये ठेवा, प्लग बसवा, सिरिंजने रंगवलेलं रॉकेल काठोकाठ भरा आणि किती मावलं ते लिहून ठेवा. मग त्यातलं साडेआठ सीसी ओढून घ्या. फेसपासून रॉकेलच्या पातळीपर्यंत डेप्थ गेजने जे अंतर येईल, तेवढाच कट. चेंबरच्या भिंती तिरप्या असल्या तरी हा हिशेब चुकत नाही. चारही चेंबर मोजा. ओतकामात फरक असतोच, आणि कट सगळ्यात लहान चेंबर बघून ठरवायचा, नाहीतर तेच सिलिंडर आधी नॉक (मिश्रण अवेळी पेटून टकटक) करतं.

कटाआधी हेडची जाडीही मोजा. सत्तर वर्षांत हेडला किती वेळा फेस मारलाय ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि पातळ झालेलं हेड पाण्याच्या पोकळीपाशी तडकतं. वर्कशॉपने ही जाडी स्वतःहून मोजायला हवी. ते मोजत नाहीत.

जीपला आणखी एक धोका आहे. व्हॉल्व्ह खालून वर, हेडच्या पोटात उघडतात. कट झाल्यावर व्हॉल्व्हवर प्लॅस्टिसिनची गोळी ठेवा, जुनं पॅकिंग (गॅस्केट) मध्ये ठेवून हेड आवळा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग गोळी कापून जाडी बघा. दीड मिमीच्या आत असेल तर हेडमध्ये व्हॉल्व्हच्या वरची जागा खोल करून घ्यावी लागेल. साइड-व्हॉल्व्हला ७ च्या फार पुढे नेण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाट अरुंद होते आणि इंजिनचा श्वासच कोंडतो. फायदाही नेमका किती ते माहीत असू द्या: ६.४८ वरून ७ केल्यावर कागदावरची कार्यक्षमता सुमारे ३ टक्के वाढते. खालच्या आरपीएमला ओढ सुधारते, गाडीची रेसर होत नाही.

अँबेसेडरच्या १४८९ सीसी ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिनात प्रश्न निराळा. हेड जेवढं खाली येतं तेवढे पुशरॉड वर येतात आणि रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) कोन बिघडतो. रॉकर पेडेस्टलखाली (रॉकरच्या आधारांखाली) शिम, म्हणजे पातळ पत्रा, घाला, पण एका पेडेस्टलमधून रॉकर शाफ्टला ऑइल जातं, त्या शिमला भोक हवंच. ते विसरलं की रॉकर कोरडे चालतात आणि बुश खाऊन टाकतात.

हेड परत घेताना दोन गोष्टी तिथेच उभं राहून बघा. चेंबरच्या कडा कटानंतर ब्लेडसारख्या होतात. त्या पॉलिशपेपरने मोडल्या नाहीत तर लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतात. इथे कडा मोडून देत नाहीत. पाण्याच्या भोकांत बिडाचा चुराही राहतो, हवा मारून घ्या.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं, आणि हेडच्या आत क्षाराचा थर बसलेला असतो. तो थर तसाच ठेवून कॉम्प्रेशन वाढवलं, तर मे महिन्यात ४२ अंशांत गाडी टकटक करणारच. दोष मात्र मिलिंगवाल्याला मिळतो. आधी हेड आणि ब्लॉक क्षार काढून स्वच्छ करा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला.

इंधनाची भीती मात्र उरलेली नाही. आजचं पंपावरचं पेट्रोल या इंजिनांच्या काळातल्या पेट्रोलपेक्षा ऑक्टेनमध्ये कितीतरी वरचं आहे. २० टक्के इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, तेव्हा कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग तपासा, आणि जुने रबरी पाइप बदला. ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री मागे ठेवून सुरुवात करा. दौलताबादहून खुलताबादचा घाट दुपारी टॉप गिअरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलवर चढवा. आवाज आला तर आणखी एक डिग्री मागे.

चेंबरची मापं कागदावर लिहून नेणाऱ्याने डोळे झाकून इथे जावं. मोजमापासकट सगळं त्यांच्यावर सोपवायचं असेल, तर अजून तरी नको. हेड बसवताना बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत कसा, आणि ५०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना पुन्हा टॉर्क पाना लावा.