गोचिडांवर थेंब की गोळी?

सांगलीतल्या भाच्याचा लॅब्रेडोर रोज सकाळी कृष्णेत डुंबतो आणि घाटावरून गोचिडं घेऊन येतो. भाच्याचा प्रश्न: मामा, मानेवर थेंब टाकू की गोळी देऊ?

थेंब म्हणजे स्पॉट-ऑन. फिप्रोनिलचे थेंब दोन खांद्यांच्या मधे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे, म्हणजे कुत्र्याला चाटता येत नाहीत. औषध कातडीच्या तेलात पसरतं आणि गोचीड चावली नाही तरी मरते. पण टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ बंद. रोज पोहणाऱ्याला हे जमणार कसं? शिवाय दर महिन्याला तारीख लक्षात ठेवायची.

गोळी रक्तात जाते, म्हणून पाण्याने काही बिघडत नाही. गोळीतलं औषध ॲफोक्सोलॅनर असेल तर ते महिनाभर चालतं, फ्लुरालॅनर असेल तर बारा आठवडे. मात्र गोचीड चावल्यावरच मरते, त्यामुळे अंगावर एखादी दिसली म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नका. किंमत ऐकून मात्र भाचा गप्पच झाला! कुत्र्याला कधी झटके आले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको.

दोन्ही औषधं वजनाच्या गटानुसारच घ्यायची. गोचिडं भिंतीच्या फटीत अंडी घालतात, म्हणून घरही साफ हवं.

पोहणाऱ्याला गोळी. अंगणात बसणाऱ्या, झटक्यांचा त्रास असलेल्या किंवा गोळी थुंकणाऱ्याला थेंब. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या दुसऱ्या औषधाचे थेंब आणूच नका, मांजराला ते विष आहे.