क्लॉडिया आधी की गोर्चा?

क्रूस, लसूण आणि शवपेटी यांचे आकर्षण ओसरल्यानंतरही ज्यांना व्हॅम्पायरकथा वाचावीशी वाटते, आणि त्यातही घर, रक्ताची नाती व जवळचे माणूस गमावणे यांविषयी काही सांगणारी कथा हवी असते, त्यांच्यापुढे मी दोन नावे ठेवीन. पहिले ॲन राइस यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ या कादंबरीचे. दुसरे अलेक्सेई टॉलस्टॉय यांच्या ‘वूर्दलाकचे कुटुंब’ या दीर्घकथेचे; वूर्दलाक म्हणजे या कथेतला व्हॅम्पायर. हे टॉलस्टॉय म्हणजे ‘युद्ध आणि शांती’वाले नव्हेत, त्यांच्या नात्यातले. त्यांनी ही कथा १८३९च्या सुमारास फ्रेंचमध्ये लिहिली, पण ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. रशियन भाषांतर प्रसिद्ध व्हायला १८८४ साल उजाडले. आज व्हॅम्पायरकथांच्या इंग्रजी संकलनांत ती सापडते.

राइस यांच्या कादंबरीत कुटुंब आहे, पण ते जुळवून आणलेले. व्हॅम्पायर असलेला लुई आपल्याला सोडून जाईल या भीतीने त्याचा व्हॅम्पायर सोबती लेस्टाट पाच वर्षांच्या क्लॉडियाला व्हॅम्पायर करतो आणि ‘ही आपली मुलगी’ म्हणून तिला लुईच्या पदरात घालतो. न्यू ऑर्लिन्समधले ते बिऱ्हाड काही काळ खरोखरच सुखात नांदते, आणि कादंबरीतली खरी भीती त्या सुखातच आहे, कारण मुलीचे मन वाढत जाते आणि शरीर मात्र पाच वर्षांचेच राहते. राइस यांची स्वतःची मुलगी १९७२ साली, सहा वर्षांची होण्याआधीच, रक्ताच्या कर्करोगाने गेली. हे ठाऊक असलेल्या वाचकाला क्लॉडियाची पाने सहज उलटता येत नाहीत. पुढे पॅरिसमध्ये मादलेन नावाची बाहुल्या घडवणारी बाई भेटते. तिची मुलगी वारली आहे आणि ती पुन्हापुन्हा त्याच चेहऱ्याची बाहुली करत राहते. क्लॉडिया तिच्याकडून मुद्दाम प्रौढ स्त्रीची बाहुली करून घेते आणि लुईच्या देखत ती मुठीत चुरडते. आपल्याला जे शरीर कधीच मिळणार नाही त्याची ती चिनीमातीची प्रत आहे, हे वाचकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

माझी अडचण नेमकी इथे सुरू होते, कारण लुई ते समजावून सांगतो. मुलाखतीच्या निमित्ताने सारी कादंबरी त्याच्याच तोंडून येते आणि प्रत्येक आघातानंतर तो आपल्या दुःखाचा, अपराधभावनेचा आणि ईश्वराच्या मौनाचा इतका सविस्तर ऊहापोह करतो की, दुःख वाचकाच्या मनात उतरण्याआधीच त्यावरचे भाष्य येऊन ठेपते. सुरुवातीला त्याच्या धाकट्या भावाचा जिन्यावरून पडून झालेला मृत्यू थोडक्यात आला आहे, आणि मला तरी तो नंतरच्या कितीतरी विलापांपेक्षा अधिक लागला. राइसबाईंना थोडक्यात लिहिता येत नव्हते असे म्हणण्याचे मला धाडस नाही. त्यांनी लुईला थांबवले नाही, एवढेच. हा दोष किरकोळ वाटेल, आणि लुईचा तो सूर आवडणारे पुष्कळ वाचक आहेत हेही मला ठाऊक आहे, परंतु पुस्तक दर वेळी माझ्या हातून मिटले गेले ते याच एका कारणाने.

टॉलस्टॉय यांचा निवेदकही धुतल्या तांदळासारखा नाही. सर्बियातल्या एका खेड्यात मुक्कामाला आलेला हा फ्रेंच मार्की, म्हणजे उमराव, यजमानाच्या घरावर अरिष्ट ओढवलेले असताना त्याच्या बहिणीशी, झ्देंकाशी, लाडीगोडी करण्यात गुंतलेला असतो, आणि त्या जागा आज वाचताना कंटाळवाण्या होतात. पण तो स्वतःविषयी बोलतो. त्या घराच्या दुःखाविषयी फारसे बोलत नाही, आणि माझ्या दृष्टीने हे कथेच्या पथ्यावरच पडले आहे.

कथेचा सारा भार एका नियमावर आहे : वूर्दलाकला आधी आपल्याच माणसांचे रक्त हवे असते. तुर्की दरोडेखोराच्या मागावर निघालेला त्या घरचा म्हातारा गोर्चा मुलांना बजावून जातो की, दहा दिवसांत परतलो नाही तर माझ्या नावाने प्रार्थना करा, आणि त्यानंतर आलो तर मी काहीही म्हटले तरी मला घरात घेऊ नका, छातीत खुंटा ठोका. दहाव्या दिवशी संध्याकाळी घरातली सगळी दाराबाहेर वाट पाहत बसली आहेत. मठाच्या घंटेचे आठाचे ठोके सुरू होतात आणि पहिल्याच ठोक्याला रानातून एक आकृती बाहेर येते. आता मुदत संपली की नाही? थोरला मुलगा जॉर्जे मिनिटांचा हिशेब करू पाहतो. बाकीच्यांना मात्र समोर जखमी, थकलेला बापच दिसतो. इतकी साधी आणि इतकी निर्दय पेचाची जागा व्हॅम्पायरकथांत दुसरी माझ्या वाचनात नाही. मुदत उलटून तास झाला असता तर निर्णय सोपा होता. लेखकाने तो सोपेपणा ठेवलेला नाही.

त्याहून भयंकर प्रसंग तर कथेत प्रत्यक्ष घडतही नाही; पुढे एका साधूच्या तोंडून तो चार ओळींत कळतो. गोर्चाचा पुरलेला नातू रात्री दाराशी येऊन रडू लागतो, मला थंडी वाजते, घरात घ्या, असे म्हणतो, आणि त्याला मातीत ठेवताना स्वतः हजर असलेली त्याची आई दार उघडते. साधू तिला मूर्ख ठरवून पुढे जातो. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे आपल्याकडेही वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. पण ती हाक आपल्याच मुलाची असली तर काय करायचे, हे कोणी सांगितलेले मला आठवत नाही. राइस यांनी या प्रसंगाला एक अख्खे प्रकरण दिले असते आणि कदाचित ते सुंदरही झाले असते.

तरीही राइस यांच्या पारड्यात एक गोष्ट निर्विवादपणे टाकावी लागेल. टॉलस्टॉय यांचे परत आलेले मूल केवळ भूक होऊन येते. क्लॉडियाला मात्र राग आहे, बुद्धी आहे आणि ज्यांनी आपले हे केले त्यांच्याकडे तिचा हिशेब बाकी आहे. मृत मुलाच्या बाजूने बोलणारी कथा हवी असेल, तर टॉलस्टॉय यांच्याकडे ती मिळणार नाही. त्यांच्या शेवटच्या पाठलागात तर हसू येण्याची धास्ती वाटते.

पडद्यावरून सुरुवात करण्याचा विचार असेल, तर १९९४च्या चित्रपटात लुईच्या भावाच्या जागी पत्नी आणि मूल आले आहे आणि २०२२च्या मालिकेत क्लॉडिया चौदा वर्षांची आहे, हे लक्षात ठेवावे. पाच वर्षांच्या देहातली कोंडी फक्त पुस्तकात आहे. वूर्दलाकवरच्या २०२३च्या फ्रेंच चित्रपटात म्हाताऱ्याच्या जागी चक्क कळसूत्री बाहुली आहे, आणि ती कल्पना वाटते तितकी विक्षिप्त नाही. निवड एकाचीच करायची असेल, तर मी एका बैठकीत संपणारी टॉलस्टॉय यांची कथा आधी हाती देईन. राइस यांची कादंबरी नंतर सवडीने घ्यावी आणि लुई फारच बोलू लागला तर पाने गाळावीत, पण मादलेनच्या बाहुलीपर्यंत मात्र जरूर पोहोचावे.