पीक्यूआरएस आणि बीआरएच वॅगन: स्लीपर उतरवायचा सेट, माझ्याकडून 5 पैकी 4

पी-वेच्या (म्हणजे रेल्वेच्या रूळमार्गाच्या) कामावर सुपरवायझर म्हणून पाच-सहा सीझन काढलेत म्हणून सांगतो, बीआरएच वॅगनमध्ये नुसतं बघण्यासारखं काही नाही, लांबलचक सपाट गाडी आणि वर सिमेंटच्या स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांच्या) थप्प्या, बस. खरी मजा वरच्या क्रेनमध्ये, म्हणजे ट्रॅक झटपट बदलायच्या पीक्यूआरएसमध्ये आहे. चालू ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना रूळ टाकून 3400 मिमी गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) तात्पुरता ट्रॅक करायचा, त्यावर क्रेन तंगड्या फाकून उभी आणि वॅगन तिच्या पोटाखाली! गठ्ठा उचलला, पुढे गेली, जुना पॅनल (रूळ-स्लीपरचा जोडलेला तुकडा) काढलेल्या जागी खडीवर ठेवला, परत आली.

ब्रॉडगेजचा एक स्लीपर अडीचशे किलोच्या वर भरतो आणि किलोमीटरला लागतात 1660, म्हणजे चारशे टनांहून जास्त माल, हे पहारीने ढकलून खाली पाडायचं म्हटलं की कोपरे उडतात, रूळ बसतो तिथले लोखंडी इन्सर्ट वाकतात, आणि कुणाचा पाय खाली आला तर संपलंच. त्यामुळे पैसे वसूल, यात वादच नाही.

आता एक स्टार का कापला. दोन थरांच्या मधे लाकडी पट्ट्या लागतात, त्याही रूळ बसतो त्या जागेच्या सरळ रेषेत, एकावर एक. मागच्या सीझनला वॅगन भरून पाठवणाऱ्या एका डेपोने (नाव नको) निम्म्या थरांना पट्ट्याच घातल्या नव्हत्या, स्लीपर स्लीपरला चिकटून बसलेले, क्रेनच्या पकडीला आत शिरायला फटच नाही. तीन तासांचा ब्लॉक (गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ) मिळालेला आणि त्यातला अर्धा तास आम्ही पहारीने फटी करत बसलो, तिकडे गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलचा फोन चालूच, "किती बाकी, किती बाकी".

दुसरं म्हणजे हा बाजूचा ट्रॅक आधी टाकावा लागतो, त्याचे ब्लॉक वेगळे, आणि गर्डर पूल किंवा प्लॅटफॉर्मच्या कडेला तो बसतच नाही, तिथे परत माणसंच. लेव्हल जरा चुकली की क्रेन लंगडते, ऑपरेटर वैतागतो.

काम सुटल्यावर पट्ट्या मोजून परत वॅगनवर चढवून घ्या बरं का, थंडीत गँगच्या शेकोटीत पहिल्या त्याच जातात, मी स्वतः हात शेकलेत त्यावर.